वेखंड घातलेले गहू

एकोणीसशे एकसष्ट साल. मी एकोणीस वर्षांचा होतो. चौथीनंतर शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर आमच्या घरात दोन मतं होती, पण तोवर मी कमवता झालो होतो आणि मारोठिया बाजारात एका सेठजींच्या जडीबुटीच्या दुकानात गोण्यांच्या मधोमध माझी जागा पक्की होती. घर छत्रीबागेत. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं मोरी, आणि मधल्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभी असलेली पत्र्याची कोठी, माझ्या खांद्याएवढी उंच. पणजोबा सरकारी पागेत होते. घोडे गेले, सरकार गेलं, दादा, म्हणजे माझे वडील, गिरणीच्या कापडाच्या गोदामात लागले, पण वर्षाचे गहू एकदम भरायचे हा पागेतल्या दिवसांचा रिवाज आईनं काही सोडला नाही. लोक दागिने दाखवतात, आमच्याकडे पाहुणा आला की त्याची नजर आधी कोठीवर जावी अशी बैठक मांडलेली असे.

चैत्र संपता संपता गहू यायचे. गल्लीतल्या बाया चादरी पसरून ओट्यावर बसायच्या आणि दिवसभर सुपांचा सळसळ आवाज चालायचा. मध्येच गिरणीचा भोंगा झाला की सूप क्षणभर थांबायचं, कुणाचा नवरा सुटला नि कुणाचा लागला याचा मनातल्या मनात हिशोब व्हायचा, आणि परत सळसळ. त्या संध्याकाळी नव्या गव्हाचे बाफले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, फोडून तुपात बुडवलेले, वर आंबट दाळ आणि लसणाची चटणी. दादा एरवी जेवताना बोलत नसत, त्या दिवशी मात्र पहिला बाफला फोडून म्हणायचे, ‘‘गहू चांगला आहे.’’ एवढंच. पण ते ऐकायला आई चुलीपाशी थांबलेली असायची.

आणि श्रावण आला की त्याच कोठीत घुण. पुस्तकात त्याला सोंडे म्हणतात, तपकिरी, तांदळाच्या कणीएवढा, पुढं सोंड. आईनं कडुनिंबाचा पाला घालून बघितला, राख घालून बघितली, ऊन दिसलं की चादरी पसरल्या. पीठ कडू लागायचं तरी खायचं. दादा तेव्हाही बोलत नसत, पण ते न बोलणं निराळं असे.

आता माझ्या दुकानाचं सांगतो. जडीबुटीच्या दुकानात कीड लागत नाही असं लोक समजतात. सुंठेला लागते, हळदीला लागते, अश्वगंधेचा तर भुसा होतो. मी बघत होतो की वेखंडाच्या गोणीला काही होत नाही. पण त्याहून नवल मला दुसरंच वाटलं. वेखंडाला टेकून राजगिऱ्याची आणि गव्हाची एकेक गोणी पडलेली असे, सेठजींच्या घरची. त्यांत घुण फिरताना दिसे, पण गोणी महिनोन्‌महिने तशीच. भुसा पडत नसे, घुण वाढत नसत. मी सेठजींना दाखवलं तर म्हणाले, ‘‘तुझे क्या घुन गिनने को रखा है रे? पुडिया बाँध.’’

शेतकी कॉलेजातले एक मास्तर आमच्याकडून वेखंड नेत असत, पुडीनं नाही, पिशवीनं. नागपूरकडचे होते. मी एकदा विचारलंच, घरात एवढी लेकरं आहेत का म्हणून. ते हसले आणि म्हणाले, ‘‘रविवारी ये, दाखवतो कोणाची लेकरं आहेत ते.’’ मी गेलो. खोलीभर काचेच्या बरण्या. एका बरणीत निंबोळीचा अर्क लावलेलं पीठ होतं, त्यातल्या अळ्या जुनी कातडी अर्धी सोडून तशाच अडकून मेलेल्या. कात टाकायची वेळ किड्याच्या अंगात आतूनच ठरते, मास्तर म्हणाले, आणि काही झाडांचा रस ती वेळच बिघडवून टाकतो. दुसऱ्या बरणीत गहू आणि वेखंड. घुण मजेत फिरत होते.

‘‘हे तर जिवंत आहेत,’’ मी म्हणालो.

‘‘राहू दे ना. वेखंड यांना मारत नाही, याच्या वाफेनं यांच्या पोटातली अंडीच भरत नाहीत. हे जगतील तेवढं जगतील. मागं कोणी राहणार नाही.’’

तिथून घरी चालत येताना मला जे वाटत होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. माझी नात आता शेतकीचं शिकते. ती म्हणते, आजोबा, याला ग्रोथ रेग्युलेटर म्हणतात, कीड मारायची नाही, तिची वाढ आणि वंश आवरायचा. मी म्हटलं, बाई, नाव तू ठेव, कोठीत घातलं मी. तिचं एक मात्र मी ऐकतो. वेखंड पोटात फार जाऊ देऊ नये असं आता म्हणतात. आम्हीही गव्हात कालवलं नव्हतं कधी. जुन्या धोतराच्या पुरचुंड्या बांधून तळाला, मध्ये आणि वर ठेवल्या होत्या, आणि दळणाचे गहू आई धुऊन वाळवूनच देई.

त्या वर्षी कोठी भरताना मी पुरचुंड्या घातल्या, आणि हात आखडता घेतला नाही. दोन दिवसांत घरभर वास. मराठी घरात वेखंडाचा वास म्हणजे काय ते मी सांगायला नको. सहाणेवर उगाळून बाळाला चाटवतात, पूड करून टाळूवर घालतात, बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडीच्या धुराबरोबर तोच वास भरून राहिलेला असतो. आई म्हणाली, ‘‘शालू झाली तेव्हा असा वास होता घराला.’’ पुढं आमची नाकं त्याला सरावली आणि आम्ही विसरलो.

शालू म्हणजे माझी ताई, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आदल्या थंडीत ती धारला मामाकडे होती, तिथं तिला टायफॉइड झाला आणि तीन-चार महिने तिथंच राहावं लागलं. परत आली ती हडकलेली, केस गळून आखूड झालेले. पण जिभेची धार तीच. निमाकाकूंनी, म्हणजे आमच्या समोर राहणाऱ्या, गल्लीतली निम्मी लग्नं जुळवलेल्या बाईंनी, तिच्यासाठी सांवेरचं स्थळ आणलं होतं. मुलगा वसंतराव, वीज खात्यात कारकून. वडील नव्हते. शेती आणि घर दोन्ही आई बघत, त्यांना सगळं सांवेर माई म्हणे. मुलानं मुलगी पाहिली, मुलीनं मुलगा पाहिला, दोघांचं हो होतं. माई एकदा घर बघून जाणार आणि मग साखरपुडा.

माई आल्या त्या भर उन्हात, नऊवारी, हातात कापडी पिशवी, बसच्या धुळीनं भुवया पांढऱ्या. ओट्यावर पाणी प्यायल्या, आत आल्या, आणि मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर थबकल्या. मी समोरच होतो. त्यांनी नाकानं एक लांब श्वास घेतला.

‘‘घरात लहान बाळ कुणाचं?’’

‘‘नाही हो, आम्ही चौघंच,’’ आई म्हणाली आणि चहाचं आधण बघायला वळली.

माईंनी ताईकडे बघितलं. तिच्या आखूड केसांकडे, बसलेल्या गालांकडे. धारला किती दिवस होतीस, एवढंच विचारलं. चहा घेतला, कोठीकडे बघितलंसुद्धा नाही आणि उठल्या. दादांना तेवढंच खटकलं. कोठीकडे न बघता गेलेलं माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

निमाकाकू निरोप घेऊन आल्या. पत्रिका जुळत नाही म्हणे. पत्रिका तर आधीच जुळवून झाली होती. दादा ओट्यावर जाऊन बसले. आईनं काकूंना धरून आत नेलं. काकू सांगत होत्या, ‘‘माझं नाव पुढं करू नका वहिनी. त्या म्हणाल्या, घरात पाळणा दिसत नाही आणि वास बाळंतिणीचा येतो. पोरगी महिनेच्या महिने मामाकडे होती, आली ती अशी. मी पाच पोरं वाढवली, माझं नाक फसत नाही.’’

ताई परातीत कणीक मळत होती. तिचे हात थांबले नाहीत. कणकेचा गोळा करून झाल्यावर ती म्हणाली, ‘‘मला एकदा विचारलं असतं. समोर तर बसले होते.’’

दादांनी सगळं माझ्यावर घातलं. गहू घुणानं खाल्ले असते तर बरं झालं असतं म्हणाले. मी तेव्हाही कबूल झालो नाही आणि आजही होत नाही. वेखंड बरोबरच होतं. चुकलं ते नाक.

मी कोठीतले चार मुठी गहू एका डब्यात काढले, वर एक पुरचुंडी ठेवली आणि सांवेरची बस पकडली. कुणाला विचारलं नाही. माईंचं घर शोधावं लागलं नाही, सांवेरला कुणीही बोट दाखवलं असतं. त्या ओसरीवर बसून कापसाच्या वाती वळत होत्या. वसंतराव रजेवर असावेत, खांबाला टेकून उभे होते. मला बघून त्यांनी मान खाली घातली, तिथंच मला कळलं की या माणसाला हा निरोप आवडलेला नाही.

‘‘माई, तो वास बाळंतिणीचा नव्हता. आमच्या कोठीचा होता,’’ मी म्हणालो आणि डबा पुढं केला.

‘‘कोठीत वेखंड?’’ त्यांनी वात खाली ठेवली. ‘‘आम्ही एवढं धान्य भरतो, कडुनिंब घालतो, राख घालतो. वेखंड कोण घालतं रे?’’

‘‘मी घालतो.’’

त्यांनी डबा उघडला, पुरचुंडी हुंगली, गहू तळहातावर घेतले. आणि त्यातून दोन घुण निघून त्यांच्या मनगटाकडे चालायला लागले. गेल्या साली कोठीच्या सांध्यांत राहिलेले, मी तरी काय करणार. माईंनी हात माझ्यासमोर धरला.

‘‘हे काय आहे?’’

‘‘घुण.’’

‘‘मेलेत?’’

‘‘नाही.’’

‘‘मग वेखंड काय त्यांच्या करमणुकीला घातलंस?’’

अंगणात बैलाला पाणी पाजणारा त्यांचा हाली, म्हणजे शेतावरचा गडी, तो हसायला लागला. म्हणाला, ‘‘भिया, घुन के जापे का इंतजाम करके लाए हो क्या?’’ जापा म्हणजे बाळंतपण. वसंतराव त्याला गप्प बस म्हणाले, पण त्यांचाही चेहरा पडला. माझ्या कानशिलांतून आग निघत होती. तिथून उठून आलो असतो तर गोष्ट संपली असती आणि ताईच्या नावाला चिकटलेलं चिकटूनच राहिलं असतं.

‘‘मरत नाहीत, माई,’’ मी म्हणालो. ‘‘त्यांना पोरं होत नाहीत.’’

‘‘वेखंडानं?’’

‘‘वेखंडानं.’’

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. वेखंड म्हणजे पोर झाल्यावरची वस्तू, आणि हा सांगतो त्यानं पोर होत नाही. मला दिसत होतं की मी जितकं बोलीन तितकं खोटं वाटणार. म्हणून म्हटलं, ‘‘माझे गहू नकोत, माझे घुणही नकोत. तुमचेच गहू घ्या, तुमच्याच कणगीतले घुण घ्या. दोन मडकी भरा. एकात माझी पुरचुंडी, एकात काही नाही. तोंडं तुम्ही लिंपा, तुमच्याकडे ठेवा. गणपतीत उघडा. तोवर वसंतरावांना दुसरी मुलगी दाखवू नका.’’

‘‘आणि दोन्हीत सारखीच कीड निघाली तर?’’

‘‘तर तुमचं नाक खरं. आम्ही परत तोंड दाखवणार नाही.’’

हे मी बोललो. कुणाला न विचारता. माईंनी हाल्याला मडकी आणायला सांगितलं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा दादा उठून ओट्यावर गेले, आई देवाजवळ जाऊन बसली. ताई मात्र मोरीतून भांडी घासता घासता म्हणाली, ‘‘म्हणजे माझी अब्रू मडक्यात घालून आलास. वर झाकण लावलंस ना नीट, का तेही घुणांवर सोडलंस?’’ मग घासलेलं पातेलं उपडं घातलं. नंतर म्हणाली, ‘‘दिग्या, होईल का रे ते?’’

मी होईल म्हणालो. आणि दुसऱ्या रविवारी मास्तरांकडे गेलो तर मास्तरांनी डोक्याला हात लावला. ‘‘अरे, मी काचेच्या बरणीत करून राहिलो, झाकण घट्ट. तू मातीच्या मडक्यात ठेवून आला. मातीतून वाफ निघून जाते. मी काही छातीठोक सांगू शकत नाही बापा.’’ ते खोटं धीर देणारे नव्हते, म्हणून मी त्यांना मानतो. पण तो पावसाळा मी कसा काढला ते मला ठाऊक. मडक्याला हात लावायचा नाही हा माझाच शब्द. दुकानात गोणी उपसताना, नळावर रांगेत, जेवताना, मला सांवेरच्या त्या अंधाऱ्या कोपऱ्यातलं मडकं दिसे आणि त्याच्या अंगातून वाफ हळूहळू निघून चाललेली दिसे. गल्लीत तोवर बोलणी सुरू झाली होती. हळदीकुंकवाला आईला बोलावणं उशिरा यायला लागलं. ताई मुद्दाम ओट्यावर बसून केसांना तेल लावायची, वाढतायत ते सगळ्यांना दिसू देत म्हणून.

गणपतीत मी सांवेरला जायची तयारी करत होतो. पण माईच आल्या. सरळ बसस्टँडवरून, मागे वसंतराव, दोघांच्या कडेवर एकेक मडकं, पोरं घेतल्यासारखं. माझ्या घरी उघडलं तर म्हणशील बदललं, त्या म्हणाल्या, तुझ्याच ओट्यावर उघडते. निमाकाकू आल्या, गल्लीतल्या इतर बाया आल्या, एकीच्या हातात तर आरतीचं तबक तसंच होतं. माईंनी आईकडे दोन पराती आणि पाणी मागितलं. लिंपण उलथन्यानं फोडलं.

पहिलं मडकं उघडायच्या आधीच हाताला गरम लागत होतं. उलटं केलं तर गहू कमी आणि पिठूळ भुसा जास्त, आणि त्यातून घुण असे उसळले की बाया लुगडी आवरून मागं सरल्या. माईंनी पाणी ओतलं. पोकळ दाणे वर तरंगले, सगळी परात तपकिरी साय आल्यासारखी झाली.

दुसरं मडकं. वास अजून होता, मंद, पण होता. गहू परातीत पडले ते खडखड वाजत पडले. पाणी ओतल्यावर तळाशी बसले. काही तरंगले, एकही नाही असं मी म्हणणार नाही, आधीच अंडी घातलेले दाणे असणारच. बरेचसे घुण वाळून मेलेले होते, थोडे अजून हळूहळू चालत होते. माईंनी तळातला एक दाणा उचलून दातानं फोडला, आत बघितलं. दुसरा फोडला. तिसरा फोडला.

‘‘म्हातारे आहेत,’’ माई शेवटी म्हणाल्या. ‘‘पोरं नाहीत.’’

दादा आतून बाहेर आले. त्यांनी खाली वाकून ओले गहू मुठीत घेतले, बघितले, आणि म्हणाले, ‘‘गहू चांगला आहे.’’ माझ्याकडे बघून म्हणाले. आयुष्यात पुढं माझं दुकान झालं, लोक दुरून वेखंड न्यायला यायला लागले, मास्तरांनी मला चार लोकांसमोर उभं करून बोलायला लावलं, पण त्याच्या बरोबरीचं काही नाही.

माई आईला म्हणाल्या, ‘‘चुकलं माझं. तिथी काढा.’’ बाया हसायला लागल्या, निमाकाकू साखर आणायला धावल्या. तेवढ्यात ताई दारात आली.

‘‘माई, एक विचारू?’’ ती म्हणाली. आई तिला डोळ्यांनी थांबवत होती. ‘‘तुम्ही गहू बघून हो म्हणताय, का मला बघून?’’

निमाकाकू साखरेची वाटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. वसंतराव खाली बघत होते, ते वर बघायला लागले. माईंनी पदरानं हात पुसले, पुष्कळ वेळ पुसले.

‘‘गहू बघून तुझ्या भावावर विश्वास बसला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुला बघायचं राहिलंच. त्या दिवशी मी नाकानंच सगळं बघितलं. ये, बस इथं.’’

ताई बसली. पण शेजारी नाही, समोर. म्हणाली, ‘‘मला धारला काय झालं होतं ते विचारा.’’ माईंनी विचारलं. ताईनं सांगितलं, तापाचं, भ्रमाचं, केस झडून उशीवर पडायचे ते, मामी रात्र-रात्र बसायची ते. मी घरातला असून मलाही त्यातलं निम्मं माहीत नव्हतं. सांगून झाल्यावर म्हणाली, ‘‘आता तुम्ही मला बघितलंत. मी अजून तुमचं घर बघितलेलं नाही. बघून सांगते.’’

आमच्या सात पिढ्यांत मुलगी सासर बघायला आधी गेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. आईनं डोक्यावर पदर ओढला. माई हसल्या, अशा की पुढच्या पडलेल्या दाताची फट दिसली.

‘‘ये की. चुलीपासून गोठ्यापर्यंत बघ. उद्याच ये, शिळं नको.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात निरोप धाडला की येत नाही, धुतलेला सदरा घातला, आणि ताईला घेऊन सांवेरच्या पहिल्या बसमध्ये चढलो. ती खिडकीशी बसली, डोक्यावर पदर घेतला नाही. कंडक्टर ओळखीचा होता.

‘‘किधर भिया, सुबे-सुबे?’’

‘‘सांवेर. दो टिकट,’’ मी म्हणालो, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. ‘‘लड़का देखने जा रहे हैं।’’